संगीत शाकुंतल, सौजन्य : पाण्याची मोटार

आमच्या राणीसावरगावच्या शिवारात ‘किर्लोस्कर’ म्हटलं की लोकांना नाटक आठवत नाही, मोटार आठवते. विहिरीवरची, पाण्याची. मी शिकायला पुण्यात गेलो तेव्हा वर्गात कुणीतरी ‘किर्लोस्करांचं शाकुंतल’ म्हणालं आणि माझ्या डोळ्यांपुढे आधी एक घरघरणारी मोटार आली, मग शकुंतला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले. माणसं वेगळी, धंदे वेगळे. पण आडनाव एकच असल्यामुळे माझ्या डोक्यात त्या दोघांचा एकत्र संसार तेव्हापासून सुरू आहे.

परवा एका मित्राने संगीत नाटकाच्या प्रयोगाची पत्रिका मोबाइलवर पाठवली. वरच्या अर्ध्या भागात बँका, बिल्डर, मसालेवाले, दागिनेवाले. मुख्य प्रायोजक, सहप्रायोजक, आदरातिथ्य प्रायोजक, इतकंच काय, ध्वनी प्रायोजक वेगळा. नाटककाराचं नाव शोधायला चष्मा काढावा लागला. ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, हे तर छापलेलंच नव्हतं. पत्रिका बघता बघता वाटलं, एवढा पैसा लावूनही या मंडळींना नाटकात घुसता आलेलं नाही. बाहेरच फलक धरून उभी आहेत बिचारी. त्यांना एकदा आत घेतलं तर?

सुरुवात अर्थात ‘शाकुंतल’पासून. कण्वाच्या आश्रमात शकुंतला आणि तिच्या दोन सख्या झाडांना पाणी घालताहेत. कमरेवर घडा घेऊन. पंपवाल्या कंपनीला यापेक्षा चांगला प्रवेश कालिदासाने लिहूनच ठेवलेला नाही. प्रियंवदा घडा खाली ठेवते आणि म्हणते, सखे, तीन अश्वशक्तीची मोटार असताना हे कष्ट कशाला? इतक्यात दुष्यंत येतो. त्याला शकुंतला आवडते की ठिबक सिंचनाची सवलत, हे पुढच्या अंकात कळेल. मग दुर्वासाचा शाप, राजा सगळं विसरतो. तिथे स्मरणशक्तीचं चाटण. अंगठी माशाच्या पोटात सापडते. तिथे सराफ पुढे येतो आणि सांगतो, बघा, नदीत पडली, माशाने गिळली, तरी हॉलमार्क जसाच्या तसा.

‘संगीत सौभद्र’ला लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळाने घ्यावं. मोठ्या भावाने ठरवलेलं स्थळ नको म्हणून अर्जुन चक्क संन्याशाचा वेष घेऊन येतो. प्रोफाइलवरचा फोटो आणि समोर आलेला माणूस यांत फरक असू शकतो, हे त्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. देवलांच्या ‘शारदा’ला, १८९९ सालच्या त्या नाटकाला, केसांचा कलप हवा. भुजंगनाथ म्हातारा, नवरी अजाण पोर. नाटक जरठ-बाला विवाहाच्या विरोधात आहे याने कंपनीला काय फरक पडतो? फलकावर म्हातारा ‘आधी’ आणि ‘नंतर’ असा दोनदा दाखवला की झालं.

खरी गंमत गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची. दारूच्या कंपन्यांना आपल्याकडे उघड जाहिरात करता येत नाही. म्हणून त्या त्याच नावाचा सोडा काढतात, पाण्याची बाटली काढतात. तेव्हा ‘एकच प्याला, सौजन्य : अमुक सोडा’. सुधाकर रसातळाला जातो, सिंधूचा संसार मोडतो, तळीराम मंडळ स्थापन करतो, आणि दर अंकानंतर पडद्यावर एक थंडगार बाटली, खाली बारीक अक्षरात ‘फक्त पिण्याचे पाणी’. हे मी विनोद म्हणून लिहिलं खरं, पण लिहिल्यावर लक्षात आलं की कुणी खरंच केलं तर आपण उठून जाणार नाही. बाटली फुकट मिळाली तर घेऊ.

युरोपात ज्याला ऑपेरा म्हणतात, म्हणजे संवादसुद्धा गाऊन म्हणायचे असं संगीत नाटक, तिथेही जागा भरपूर आहेत. ‘ला त्राविआता’ची नायिका क्षयाने जाते, तिथे खोकल्याचं औषध. ‘कार्मेन’ची नायिका सिगारेटच्या कारखान्यात काम करते, तिथे वेगळं काही सुचवायलाच नको. वाग्नरचं ‘रिंग’ चार रात्री चालतं, पंधरा तासांच्या आसपास. तिथे गाद्यावाले. ‘फाउस्ट’मध्ये एक विद्वान सैतानाला आत्मा लिहून देतो. तिथे कोणतीही फायनान्स कंपनी चालेल. सही करण्यापूर्वी अटी व शर्ती काळजीपूर्वक वाचा.

हे सगळं मी फोनवर अम्मीला हसत हसत सांगत होतो. शकुंतला आणि मोटार हा भाग तिला आवडला. मग ती म्हणाली, “तो उसमें नया क्या है रे? अपने हाँ तो पैलेसेच ऐसा था. पैसे देनेवाले का नाम माइक पे पुकारतेच थे ना.”

अम्मीचं बरोबर होतं. पैसा देणाऱ्याचं नाव आणि गाणं यांची सोबत फार जुनी आहे. तीत कंपन्या उशिरा आल्या.

ऑपेराच्या इतिहासातला एक मोठा प्रायोजक तर आपल्यातलाच होता. इजिप्तचा खेदीव इस्माईल. सुएझ कालवा खुला होण्याच्या वर्षी, १८६९ साली त्याने कैरोत ऑपेरा हाउस बांधलं. मग इटलीच्या व्हेर्दीकडून दीड लाख फ्रँक देऊन नवीन ऑपेरा लिहवून घेतला. तो ‘आयदा’. २४ डिसेंबर १८७१ला कैरोत त्याचा पहिला प्रयोग झाला. लिहिणारा काही इजिप्तला फिरकला नाही. इस्माईलचा हात सगळ्याच बाबतीत सढळ होता. कालवे, रेल्वे, राजवाडे, ऑपेरा. कर्ज इतकं झालं की १८७५ साली कालव्यातले आपले शेअर्स इंग्रजांना विकावे लागले आणि १८७९ साली गादीही गेली. ‘आयदा’ मात्र अजून जगभर होतं. आमच्याकडे थोरल्या मुलीच्या लग्नात जमीन विकून बँड लावणारे लोक आहेत, त्यांना इस्माईलची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच्या आधी जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचा एक ऑपेरा मला जास्त आवडतो. मोझार्टचा, १७८२ साली व्हिएन्नात झालेला. त्यात एका तुर्की पाशाच्या महालातून दोन प्रेमी जोड्या पळून जायचा प्रयत्न करतात आणि पकडल्या जातात. नायक तर पाशाच्या जुन्या वैऱ्याचा मुलगा निघतो. आता मान उडणार असं वाटत असताना पाशा सगळ्यांना माफ करतो, सोडून देतो. सगळ्या नाटकात सर्वांत मोठ्या मनाचा माणूस तो. पण गंमत अशी की पाशाला एकही गाणं नाही. एक ओळसुद्धा नाही. सगळे गातात, त्याच्या महालात गातात, शेवटी त्याचं कौतुकही गातात. तो फक्त बोलतो. महाल त्याचा, बाग त्याची, माफीही त्याची. गाणं दुसऱ्यांचं.

मराठी संगीत नाटकात आपल्या लोकांच्या वाट्याला याच्या बरोबर उलटं आलं. गाण्यातला फार मोठा वाटा त्यांचा आणि पत्रिकेत नाव बारीक. भास्करबुवा बखल्यांनी ज्या चाली गंधर्वांच्या मंडळीला दिल्या, त्यांच्यामागे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांची तालीम होती. बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. लोक तिकीट काढायचे ते गंधर्वांना बघायला आणि ऐकून घरी घेऊन जायचे ते या दोघांनाही. सिंधू, भामिनी, रुक्मिणी मंचावर रडायच्या, हसायच्या, लाजायच्या, आणि खाली बसून कादरबक्षांची सारंगी तेच रडणं पुन्हा एकदा रडायची.

या मंडळीचा प्रायोजक कोण होता? बडोद्याच्या सयाजीरावांचा आश्रय होता, पण रोजचा खर्च भागायचा तो तिकिटावर आणि सावकारावर. बालगंधर्वांना खोटं काही चालायचं नाही. शालू खरे, दागिने खरे, गालिचे खरे, अत्तर खरं. कर्जही खरंच झालं. लोकांनी फंड जमवून ते फेडावं ही कल्पना त्यांनी मानली नाही, गाऊनच फेडीन म्हणाले, असं सांगतात. आणि ८ जुलै १९२१ला मुंबईत केशवराव भोसल्यांच्या मंडळीबरोबर जो संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग झाला, तो तर टिळक स्वराज्य फंडासाठी. तिथे प्रायोजकत्वच उलटं. देशाच्या कामाला नाटकाने पैसे दिले.

त्याहून नवलाची गोष्ट रहिमतखाँची. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचा हा मुलगा. गळा देवाने दिलेला, पण संसाराचं भान नाही, हाल झालेले. विष्णुपंत छत्रे हे हद्दूखाँकडे गाणं शिकलेले आणि पुढे सर्कस काढलेले गृहस्थ. त्यांनी आपल्या उस्तादाच्या मुलाला शोधून जवळ ठेवलं. सर्कशीबरोबर रहिमतखाँ गावोगाव फिरले आणि त्यांचं गाणं लोकांपर्यंत गेलं. ख्यालाचा खर्च वाघ आणि घोड्यांनी उचलला. खाँसाहेबांची अखेर १९२२ साली कुरुंदवाडला झाली, त्याच छत्रे घराण्याच्या सावलीत. यात मुसलमान उस्ताद आणि ब्राह्मण शिष्य असा फरक कुणी केला नाही. उस्तादाचा मुलगा म्हणजे घरचा, एवढाच हिशोब.

अजून एक उदाहरण सांगतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती होत होती, तेव्हा हैदराबादच्या निझामाने, मीर उस्मान अली खाँने, अनुदान दिलं. तिथलं ‘निझाम गेस्ट हाउस’ आजही आहे. परभणी १९४८पर्यंत निझामाच्याच राज्यात. शेवटच्या वर्षांत रझाकारांनी जे केलं ते आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहे, ते विसरायचं कारण नाही. पण हेही विसरायचं कारण नाही की त्याच निझामाचं नाव एका अतिथिगृहावर आहे आणि महाभारताच्या मजकुरात नाही. शरपंजरी पडलेल्या भीष्माने मधेच थांबून ‘सौजन्य : आसफजाही घराणं’ असं म्हणावं, अशी अट त्याने घातली नव्हती.

कंपन्यांमध्येही शहाण्या कंपन्या झाल्या. अमेरिकेत टेक्साको नावाच्या तेल कंपनीने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं शनिवारचं रेडिओ प्रक्षेपण १९४० साली पुरस्कृत करायला सुरुवात केली आणि २००४ साली थांबवलं. साठ वर्षांहून जास्त. जाहिरात असायची, पण चालू गाणं तोडून नाही. आमच्याकडे सिलोन रेडिओवर १९५२पासून अमीन सयानींनी एका टूथपेस्टचं नाव घराघरांत नेलं. ती पेस्ट आता कुणी वापरत नाही, सयानीसाहेब २०२४ साली गेले, पण ‘गीतमाला’ म्हटलं की पुढचा आवाज अजून कानात वाजतो. आणि किर्लोस्करांनीच १९२० साली आपल्या कारखान्याच्या प्रचारासाठी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, त्याचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, त्याच्या पाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’. नांगर विकायला निघालेल्या कागदाने मराठी घरांना वाचायला लावलं.

म्हणजे राजा असो, सर्कसवाला असो, कंपनी असो, पैसा देणाऱ्याने गाणं बिघडवलंच पाहिजे असं नाही. मग मला खटकतंय काय? ते कळायला अम्मीच्या त्या माइकपाशी जावं लागतं.

राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्यातलं गाव, रेणुकामातेचं. नवरात्रात दूरदूरच्या गावांतून लोक येतात. ऑपेरा म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलं तेव्हा मनात पहिला शब्द आला तो गोंधळ. संबळ, तुणतुणं, पेटलेली दिवटी. आधी गावोगावच्या देवदेवतांना नावं घेऊन बोलावणं, मग रात्रभर आख्यान, गाऊन, बोलून, नाचून, सोंग करून, आणि पहाटे आरती. गोंधळ्यांत रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजाभवानीचे ते कदमराई. परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारख्या गोंधळ्यांचं नाव या कलेत आदराने घेतात. नाटकगृह नाही, पडदा नाही, तिकीट नाही. प्रायोजक म्हणजे लग्नघरचा यजमान. त्याच्या कुळाचं नाव गोंधळी गाण्यात घेतो, आणि ते कानाला खटकत नाही, कारण त्याच्या दारातच तर हे चाललेलं असतं.

आमचं घर मण्यारांचं. हिरव्या बांगड्या रेणुकेला वाहायच्या असोत की लेकीसुनांना भरायच्या असोत, त्या बहुतेक आमच्यासारख्यांच्या पालातूनच जातात. दादा, म्हणजे अब्बांचे अब्बा, डोक्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन गावं फिरायचे. अब्बांनी जत्रा धरल्या. नवरात्र, मग आसपासच्या गावांच्या जत्रा, मग फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस. देवीपुढे बसणारं आणि दर्ग्यापुढे बसणारं दुकान एकच. फक्त दर्ग्यावर लाखेचे कडे जास्त खपायचे आणि देवीला हिरवी काच.

प्रत्येक जत्रेच्या आधी पावतीपुस्तक घेऊन चार माणसं यायची. हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की मला पाठ आहे.

“काय भाई, यंदा कितीची फाडायची?”

“फाडा पाटील, गेल्या सालाएवढीच. कापूस कुठं पिकलाय? कापूस पिकल्याबिगर बांगड्या कोण भरतंय?”

“अहो, एकशे एक तरी म्हणा.”

“एकावन्न. आणि चहा घेऊन जा.”

एकावन्नाची पावती फाटायची. रात्री तमाशा असो, भारूड असो की भजन, मधे थांबून माइकवर एकेक नाव यायचं. अमुक पाटील पाचशे एक, तमुक सावकार एकशे एक, आणि मग अब्बांचं नाव, एकावन्न. उरसातल्या कव्वालीतही तेच. कव्वाल अर्ध्या मिसऱ्यावर थांबायचा, कुण्या देशमुखांचं नाव घेऊन दुवा द्यायचा, आणि पुन्हा तिथूनच तान उचलायचा. गाण्याच्या दृष्टीने बघाल तर हे फार वाईट. टेक्साकोने असं एकदाही केलं नसतं. पण अब्बा ते नाव ऐकल्याशिवाय पालात झोपायला जात नसत. नाव झालं की म्हणायचे, “चलो, हो गया.” काय झालं, ते तेव्हा मला कळत नव्हतं. एकावन्न रुपयांत माणूस गावाच्या गाण्याचा प्रायोजक झालेला असायचा.

काही वर्षांपूर्वी एका गावात हे बदललं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नाहीत आणि अशी गावं आता पुष्कळ आहेत. जत्रेचा सगळा खर्च एका मोठ्या माणसाने उचलला. ऑर्केस्ट्रा आला, एलईडीचा पडदा आला, कमानीवर एकच चेहरा आणि ‘सौजन्य’ हा एकच शब्द. अब्बांनी नेहमीप्रमाणे एकावन्न रुपये वेगळे काढून ठेवलेले. कुणी आलं नाही. शेवटी तेच कमिटीच्या मंडपात गेले. तिथल्या पोराने आदराने सांगितलं, “चाचा, यंदा वर्गणी नाही. सगळं साहेबांकडून आहे. तुम्ही निवांत बसा.”

त्याने पैसे वाचवले, वाईट काही बोलला नाही. अब्बा परत आले आणि पालात बसून राहिले. म्हणाले, “इस साल अपना नाम नहीं हुआ.”

मला तेव्हा हे म्हातारपणातलं हळवेपण वाटलं असतं, पण पुढच्या वर्षी त्याचा हिशोब लागला. जागा वाटताना कमिटीतल्या एका नवीन पोराने विचारलं, “हे इथं कसे? यांचं काय आहे जत्रेत?” यापूर्वी असा प्रश्न आला असता तर उत्तर द्यायची गरजच नव्हती. पावतीपुस्तकात नाव होतं. आता पावती नव्हती. एका म्हाताऱ्या माळकऱ्याने, “अरे, तुझ्या आईच्या लग्नातला चुडा याच्या बापाने भरलाय,” असं म्हणून तो विषय मिटवला. जागा मिळाली. पण ती एका माणसाच्या आठवणीवर मिळाली, आणि ते आजोबा आता नाहीत.

२०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यात मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना जागा द्यायची नाही असा ठराव केला, तेव्हा सगळीकडे बातम्या झाल्या. प्रशासनाने तो ठराव ग्राह्य धरला नाही, हेही चांगलं झालं. ठराव दिसतो, त्याविरुद्ध अर्ज करता येतो, वर्तमानपत्रात लिहिता येतं. पावतीपुस्तक दारावर न येणं मात्र कुठल्या कागदावर दिसत नाही. त्यात कुणी कुणाला नाही म्हणालेलं नसतं. फक्त विचारलेलं नसतं. आणि हे फक्त मण्याराचं नाही. गावातल्या मातंगांच्या हलगीचं, न्हाव्याच्या दुकानाचं, शेतमजुराच्या अकरा रुपयांचंही तेच. ज्यांच्याकडून पैसे घ्यायची गरज संपली त्यांची नावं माइकवरून गेली, आणि नावं गेली की काही वर्षांनी कुणीतरी नवीन पोरगा विचारतो, यांचं इथं काय आहे?

आपल्या लोकांनीही स्वतःकडे बघायला हरकत नाही. उरसाच्या, संदलच्या मिरवणुकीचे फलक आता वेगळे राहिलेले नाहीत. एक नगरसेवक, त्याचे सात भाऊ, हात जोडलेले. कव्वाल कोण आहे ते शेवटच्या ओळीत. आधी पाटलाच्या घरून ज्वारीचं पोतं यायचं, वाण्याकडून तेल यायचं, त्यांची नावं कव्वालीत व्हायची. आता सगळं ‘भाई की तरफ से’. तिकडचे साहेब आणि इकडचे भाई एकमेकांच्या विरोधात भाषणं करतात, पण पावतीपुस्तक बंद करण्यात दोघांचं अगदी एकमत आहे.

तेव्हा राणीसावरगावात कधीकाळी मोठा संगीताचा कार्यक्रम करायचा ठरला, आणि एखाद्या पंपवाल्या, बियाणेवाल्या, सिमेंटवाल्या कंपनीने सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली, तर मी नको म्हणणार नाही. कलावंतांना वेळेवर बिदागी मिळते, मंडप गळत नाही, आवाज फाटत नाही, या गोष्टी लहान नाहीत. बालगंधर्वांच्या कर्जाचं कौतुक आपण करतो, ते आपल्याला फेडावं लागलं नाही म्हणून. माझा करारनामा तयार आहे. कलमं थोडीच आहेत.

एक. कंपनीचं नाव सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. मधे तान चालू असताना नाही. शकुंतला पाणी घड्यानेच घालील.

दोन. पत्रिकेवर गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं नाव कंपनीच्या चिन्हाएवढ्याच आकारात. तबलजीचं, सारंगीवाल्याचं, संबळवाल्याचंसुद्धा.

तीन. कंपनीने मंडप, वीज, प्रवास यांचे पैसे द्यावेत. पण कलावंताच्या बिदागीतला काही हिस्सा गावाच्या वर्गणीतूनच आला पाहिजे. किती, त्याला महत्त्व नाही. दहा रुपयांपासून पुढे कितीही.

चार. पावतीपुस्तक प्रत्येक दारावर जाईल. घरांच्या ओळीने जाईल, गल्ली न वगळता. कुणी नाही म्हटलं तर हरकत नाही. विचारलं गेलं पाहिजे.

पाच. नावं माइकवर वाचली जातील, आणि मोठ्या रकमेची आधी असं नाही. पावतीच्या नंबराने. कंपनीची पावतीही त्याच पुस्तकातली. ती शेहेचाळिसावी निघाली तर तिचं नाव शेहेचाळिसावं. सत्तेचाळिसावं नाव चहावाल्याचं असू शकतं.

हे मी अम्मीला वाचून दाखवलं. तिने पाचवं कलम दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “कंपनीवाले मानते क्या रे इत्ता?” मी म्हटलं, नहीं मानते. ती म्हणाली, “फिर भी लिख के तो दे.”

अब्बांनी जमवलेल्या पावत्या तिने बांगड्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आहेत. रेणुकामातेच्या नवरात्राच्या, उरसाच्या, गणपतीच्या, शाळेला खोली बांधली तेव्हाच्या. कागद पिवळे झालेत, काहींवरची शाई उडाली आहे. जिथे वाचता येते तिथे रक्कम बहुतेक एकावन्नच. त्याच डब्यात तिने पन्नासाची एक नोट आणि एक रुपयाचं नाणं वेगळं गुंडाळून ठेवलेलं आहे. कुणी पुस्तक घेऊन आलंच, तर सुट्ट्याचा घोळ नको म्हणून.